सातवी ओळ

सह्यगिरी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात अध्यापन-साहाय्यकाच्या अर्जाची एक जुनी रीत होती. उमेदवाराने आपल्या संशोधनाचे बारा ओळींचे टिपण छापून जोडायचे, कागदाच्या उजव्या कोपऱ्यात नाव लिहायचे आणि तो कोपरा दुमडून डिंकाने चिकटवून टाकायचा. वाचणाऱ्याला कर्ता कळू नये, विद्या तेवढी दिसावी, हा त्यामागील हेतू.

"कोपरा दाबून धरा, ताई," कार्यालयातले लोखंडे म्हणाले. "मागच्या साली एकाचा उघडला, अर्ज बाद झाला. अजून समोरून जातो, पण मान वर करत नाही. जसा काही डिंक मीच पातळ केला होता."

शाल्मली खोडवे हसली आणि तिने कोपरा अंगठ्याने दाबून धरला. हे पद मिळाले नाही, तर संशोधक विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षी प्रयोगशाळेतील मेज रिकामे करावे लागे. तिच्या मेजावर काचेची एक लांब नळी होती, आणि त्या नळीत तिचा प्रश्न वाहत होता: शांतपणे जाणारे पाणी नेमके कोणत्या क्षणी खळाळू लागते? त्या बारा ओळींत तिने या प्रश्नाचे दार किलकिले केले होते.

मुलाखत घ्यायला दोघेच होते, विभागप्रमुख डॉ. विश्वंभर अंतरकर आणि तिच्या मार्गदर्शक डॉ. सुलभा नाडगौडा.

"आवरणयंत्राची अट ठाऊक आहे ना?" अंतरकरांनी विचारले.

"नावापुरती, सर. नीट कोणी सांगत नाही."

"मग ऐक. एखादी गोष्ट एकदा समजली, की ती न समजण्याची अवस्था माणसाला आठवेनाशी होते. म्हणून मोठे जाणकार बहुधा वाईट शिकवतात. मूल कोठे अडते हेच त्यांना दिसत नाही. आपले यंत्र त्या विषयाच्या बोधाची एक प्रत काढून ठेवते आणि मेंदूतील मूळ बोधावर आवरण घालते. तू वर्षभर मुलांबरोबर आरंभापासून शिकायचे, आणि स्वतःची अडखळण ताजी असतानाच शिकवायचे. हे सुरू केल्यापासून आपल्याकडे नापास होणारी मुले निम्म्याहून कमी झाली."

"आणि वर्षाअखेरीस प्रत परत बसवता."

"बसली तर," नाडगौडा मॅडम म्हणाल्या.

"सुलभाताई, तिला घाबरवू नका."

"घाबरवत नाही, सर. सही करण्याआधी तिला कळायला हवे." त्या शाल्मलीकडे वळल्या. "नवी समजूत मेंदूत नवी वाट पाडते. जुनी वाट खाली शाबूत असेल, तरच प्रत तिच्यावर बसते. नवी फार रुळली, की जुनीला जागा उरत नाही."

"म्हणजे मी जितके मनापासून शिकवीन…"

"तितकी ती रुळेल."

मॅडमनी टिपणाचा कागद पुढे ओढला. "ही तुझी सातवी ओळ मी तीन आठवडे तपासत होते. घर्षण असताना तू काळाचे चिन्ह उलटवले आहेस. प्रत्येक पाठ्यपुस्तक त्याला मनाई करते. तरी ते बरोबर आहे. मला ते जेमतेम पडताळता आले. पुढे नेणे फक्त तुलाच जमेल."

"पण पद सोडले तर मेज जाते, मॅडम. नळी कोठे मांडू? घरी मोरीत?"

अंतरकर तेवढे हसले. शाल्मलीने सही केली.

आवरण घालायला अर्धा तासही लागला नाही. अर्जाला आपण एक टिपण जोडले होते, एवढे तिला पुढेही आठवत असे. त्यात काय लिहिले होते आणि मॅडम त्याविषयी काय म्हणाल्या, ते मात्र आठवत नसे. प्रथम वर्षाच्या वर्गात ती मुलांच्या बरोबरीने ठेचकाळली आणि मुलांच्या बरोबरीनेच उठली. तिसऱ्या महिन्यात तिने मनाशी ठरवले, की आता हात राखून शिकवायचे, जुन्या वाटेसाठी थोडी जागा ठेवायची. दुसऱ्याच दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी वही मिटून डोळे पुसत बसलेली दिसली. शाल्मली तिच्याजवळ जाऊन बसली आणि पुन्हा पहिल्या समीकरणापासून सुरुवात केली. हात राखणे त्याच दिवशी संपले. "घर्षण असेल तेथे काळ उलटवू नये," हे वाक्य तिने इतक्या उदाहरणांनी उलगडले, की मुले ते एकमेकांना चिडवण्यासाठी वापरू लागली.

वर्ष सरले. अंतरकरांनी तिला बोलावले; नाडगौडा मॅडम तेथे आधीच बसल्या होत्या.

"प्रत बसवण्याआधी एक काम. यंदाचे हे अर्ज वाचून शेरे दे."

चिकटवलेल्या कोपऱ्यांचे ते कागद तिने शिक्षकाच्या सवयीने लाल पेन घेऊन वाचले. पाचव्या कागदाच्या सातव्या ओळीशी ती थांबली. तिने ओळीखाली रेघ ओढली आणि समासात लिहिले: "घर्षण असेल तेथे काळ उलटवू नये. विद्यार्थी हुशार आहे, पाया कच्चा आहे. अर्ज अमान्य."

अंतरकरांनी तो कागद उचलला, बोट ओले करून कोपरा सोडवला आणि तिच्यापुढे धरला. नाव होते शाल्मली खोडवे.

"गतवर्षीचा तुझाच अर्ज, कोपरा पुन्हा चिकटवून, आम्ही गठ्ठ्यात ठेवतो," ते हळू आवाजात म्हणाले. "जुनी वाट शाबूत असेल, तर ही ओळ पाहताच मनात काहीतरी हलते. हलले नाही, तर प्रत बसत नाही. पद मात्र पुढेही तुझेच राहील. असा शिक्षक या विभागाला लाभला नव्हता."

तिने स्वतःचे नाव वाचले. मग सातवी ओळ पुन्हा वाचली, आणि बराच वेळ पाहत राहिली, जणू बंद दाराला कान लावला आहे.

"सर," ती शेवटी म्हणाली, "माझी असली तरी ही चूकच आहे."

"शाल्मली," मॅडम पुढे झुकून म्हणाल्या, "ती बरोबर आहे. मी तपासली होती."

"कोठे फसगत होते ते दाखवते, मॅडम." शाल्मली उठून फळ्याशी गेली. तिच्या स्वरात मागच्या बाकावरच्या त्या मुलीशी बोलताना होता तोच जिव्हाळा होता. ती पहिल्या समीकरणापासून निघाली, प्रत्येक वळणावर थांबली, मॅडम कोठे अडतील ते आधीच ओळखून तेथे हात देत गेली. सातव्या ओळीपर्यंत येता येता सारे इतके सुबोध झाले, की ती ओळ तीन आठवडे तपासणाऱ्या नाडगौडा मॅडमची मान नकळत होकारार्थी हलू लागली.