जुना द्या, नवा घ्या

चाकूबद्दलचं माझं पहिलं मत चांगलं होतं. ते मी लिहूनही ठेवलं होतं, कारण वस्तूंबद्दल चांगलं लिहिणं हाच माझा धंदा. कंपनी फोटो पाठवते, मी वर्णन पाठवतो. कधी न फिरवलेल्या इस्त्र्या, न चढलेल्या शिड्या, न झोपलेल्या गाद्या. बाबा म्हणायचे, "आमचे लेखकराव खुर्चीवर न बसताच तिची तारीफ करतात." बाबा खुर्च्या आणि सोफे मढवायचे, तेव्हा हे म्हणायचा त्यांना हक्क होता.

हा चाकू मात्र मी स्वतः हातात धरला होता. घडीचा, खिशात मावणारा. काळी मूठ, तिला बारीक खरखर, घामेजल्या हातातूनही न सटकणारी. पातं उघडायला नखापुरती खाच. पूर्ण उघडलं की कळ बसायची आणि "टक्" असा आवाज यायचा. स्वच्छ, जरा शिष्ट, बँकेतल्या बाईंनी शिक्का मारावा तसा. पात्याची रुंदी पट्टीने मोजली, एकोणीस मिलिमीटर. पाचपैकी पाच तारे दिले.

एक गोष्ट मतात लिहिली नाही. दुकानाबाहेर पाटी होती, 'जुना द्या, नवा घ्या'. मी बाबांचा जुना चाकू देऊन हा घेतला होता. सूट मिळाली ती चहा-बिस्किटांपुरती. बाबांना विचारलं नव्हतं. आधी विचारलं तर सरप्राइज कसलं?

आमची पुढची खोली म्हणजे बाबांचा कारखाना. भिंतीला टेकवलेला फोम, कोपऱ्यात काथ्याचं पोतं, मधोमध पोट फाडलेली एखादी खुर्ची. तिथे एकच कायदा होता. कात्री मागा, सुई मागा, हातोडी मागा, चाकू मागू नका. समोरच्या सुताराने एकदा मागितला, तर बाबा स्वतः जाऊन त्याचं काम करून आले, पण चाकू हातात दिला नाही. मला ते हट्टीपणाचं वाटायचं.

बाबांनी नवा चाकू उघडला, बंद केला, परत उघडला.

"चांगला आहे. जुना कुठेय?"

"दिला. एक्स्चेंजमध्ये."

बाबांनी नवा चाकू मिटून खुर्चीवर ठेवला. मग म्हणाले, "बरं."

आई आतून बाहेर आली. "बाळ्या, अरे बत्तीस वर्षं होता तो त्यांच्या हातात!"

"म्हणून तर बदलला. आई, पातं काडीएवढं राहिलं होतं. त्याला लोणीसुद्धा घाबरलं नसतं."

कुणी हसलं नाही. विनोद बरा होता, असं मला तेव्हा वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा कापड कापत होते आणि मला पातं जरा वेगळं दिसलं. मधे किंचित खोल गेलेलं, रोज दगडावर घासलेल्या पात्यासारखं. मोजलं तर सतरा मिलिमीटर.

"बाबा, धार लावली का?"

"नव्याला कसली धार?"

मी मत दुरुस्त केलं, चार तारे. 'धातू थोडा मऊ वाटतो.'

त्याच दुपारी चहा घेताना माझं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडे गेलं. डावा हात कापड धरायचा, उजवा कापायचा, म्हणून सगळे वण डाव्या हातावर. एकूण सात. मी आकडे त्या वणांवर शिकलो. प्रत्येकाला नाव होतं. करंगळीवर न्हाव्याची खुर्ची, तळहातावर वकिलाचा कोच, तर्जनीवर नाटकगृहाची चौदावी रांग. सातवा अंगठ्यावर, आडवा, तीन टाक्यांचा. तो मी. मी जन्मलो त्या दुपारी शेजारीण धावत आली, "मुलगा झाला!" म्हणून ओरडली आणि बाबांचा हात सटकला.

करंगळी स्वच्छ होती.

"बाबा, न्हाव्याची खुर्ची कुठे गेली?"

"कुठला न्हावी?"

"अहो, तो. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक घेऊन खुर्ची खाली बसली होती ती."

बाबा हसले, दुसऱ्याची गंमत ऐकून हसतात तसे. "असं झालं होतं? भारीच!"

ही गोष्ट त्यांनीच मला शंभर वेळा सांगितली होती.

आठवडाभरात चार वण गेले. जायचा तो दुपारीच, काम चालू असताना. तेवढ्यापुरतं पातं झिजायचं आणि तेवढ्यापुरती एक गोष्ट बाबांच्या डोक्यातून जायची. आईला दाखवलं. ती म्हणाली, "वय झालंय, विसरतात." मी म्हटलं, "विसरतात ते कळलं, पण कातडी विसरते?" ती बाबांजवळ बसली. त्यांचा हात पदराने पुसत राहिली, जणू वण घाणीखाली गेले होते.

मी चाकू बुटांच्या खोक्यात घातला, वर दोरा बांधला आणि खोकं कपाटावर ठेवलं. संध्याकाळी उतरवलं. दोरा तसाच होता. गाठ माझीच होती, कारण असली भिकार गाठ घरात दुसरं कुणी बांधत नाही. पातं नऊ मिलिमीटर, आणि बाबांच्या हातावरचा आणखी एक वण गेलेला. उघडलं तर "टक्" झालं नाही. "टुप्" झालं. हा आवाज मी लहानपणापासून भिंतीपलीकडून ऐकत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी दुकान गाठलं.

"जुना परत हवाय. हा घ्या, सूटही परत घ्या."

दुकानदाराने आधी माझ्या हातातल्या चाकूकडे पाहिलं. "हा आमचा? हा तर आमच्या आजोबांच्या काळातला दिसतो." मग त्याने काउंटरखालचा खण ओढला. आत चाळीस-पन्नास जुने चाकू. "अजून भंगारात गेलेले नाहीत. घ्या ओळखून."

मी एक उचलला, ठेवला, दुसरा उचलला.

"मूठ कसली होती?"

"काळी."

"सगळ्याच काळ्या आहेत. काही खूण? चीर, डाग, खिळा?"

सव्वीस वर्षं तो चाकू माझ्या डोळ्यांसमोर होता. न पाहिलेल्या वस्तूंवर पानं भरणारा मी, पाहिलेल्या या एका वस्तूबद्दल मला दोन शब्द सांगता येईनात.

"नक्की तुमच्याच घरातला होता ना?" दुकानदाराने विचारलं. त्याने चेष्टा केली नव्हती.

मी नेलेला चाकूच खिशात घालून परतलो.

बाबांच्या हातावर एकच वण उरला होता. अंगठ्यावरचा. मी त्याला पट्टी बांधली. बऱ्या झालेल्या जखमेला बत्तीस... नाही, सव्वीस वर्षांनी पट्टी बांधणारा मी पहिलाच असेन.

"लेखकराव, काय चाललंय हे?"

"राहू द्या ना, बाबा."

"बरं, राहिलं." त्यांनी पट्टीकडे बघत म्हटलं, "राखाडी कापड होतं. तिसऱ्या खुर्चीवर होतो. शेजारीण ओरडली आणि रक्त ठिपकलं. टाके घालायला गेलोच नाही आधी. तसाच तुला बघायला पळालो. तुझ्या दुपट्यावर डाग पडला, तुझी आई अजून बोलते."

"बाबा, जुना चाकू मी द्यायला नको होता. चुकलंच माझं."

"आता काय त्याचं." त्यांनी पट्टीचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "निदान तू विकत तरी घेतलास. आयुष्यात पहिल्यांदा वस्तू हातात धरून बघितलीस."

मुलगा म्हणून ते त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं असेल, हे मला माहीत होतं. तरी मी चहा टाकायला उठलो.

परत आलो तेव्हा पट्टी जमिनीवर पडली होती. अंगठा कोरा होता.

"या, बसा," बाबा म्हणाले. "खुर्चीचं माप आणलंय का?"

मी बसलो नाही. चपला घातल्या आणि निघालो. कुठे, ते पायांना ठाऊक होतं.

मी खिशातला चाकू काउंटरवर ठेवला आणि दुकानदाराने खण ओढला. मी दुकानदाराच्या चेहऱ्याकडेच बघत होतो. माझा हात खणात गेला आणि एक चाकू घेऊन बाहेर आला.

"अहो, बघून तरी घ्या."

"हाच आहे."

मुठीवर एका बाजूला झिजून पडलेला खळगा होता. अंगठा त्यात बरोब्बर बसला.

"हाताला लागलंय का हो?"

मी डावा हात वर केला. अंगठ्यावर आडवा, पांढरा, जुना वण. तीन टाके.

राखाडी कापड होतं. तिसरी खुर्ची. मी पळालो होतो. बाळ फार हलकं होतं आणि मला भीती वाटली होती, हातातून पडेल म्हणून.

घरी येऊन मी चाकू बाबांपुढे ठेवला. त्यांनी तो अदबीने उचलला, उघडला. टुप्.

"जुनी वस्तू आहे. जपा. तुमच्या वडिलांचा का?"

"हो."

"आहेत का ते?"

मी जमिनीवरची पट्टी उचलून खिशात घातली.

बाबा चाकू माझ्याकडे सरकवून खिडकीपाशी जाऊन बसले. गिऱ्हाइकं बसतात त्या स्टुलावर. समोरची खुर्ची अर्धवट राहिली होती. मी खाली बसलो, डाव्या हाताने कापड ताणलं आणि कापायला लागलो. काप सरळ जात होता.

आतून आईची हाक आली, "अहो, चहा झालाय!"

बाबांनी मान वर केली नाही.

ओ माझ्या तोंडून गेली.