सैल राहिलेला बोल्ट

नव्या पिस्टनचं खोकं काखोटीला मारून उस्तादांची मुलगी गॅरेजवर आली, तेव्हा भर दुपार होती आणि मी बशीत चहा ओतून फुंकत होतो. घाबरावं असं काहीच नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

उस्तादांनी मला हातात पाना धरायला शिकवलं. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. मागे राहिली त्यांची टर्बोवाली पेट्रोल गाडी. तीन लाख किलोमीटर पळालेली, चढ दिसला की खोकायला लागणारी. तिचं इंजिन नव्यानं बांधून, ताकद वाढवून डोंगरावरच्या शर्यतीत उतरायचं, हे त्यांच्या मनातच राहून गेलं. आता मुलीनं ते डोक्यात घेतलं होतं.

"काका, आईची एकच अट आहे," ती म्हणाली. "इंजिन तुम्ही बांधायचं. तुम्ही हो म्हणालात, तरच ती मला चढावर जाऊ देणार."

झालं! जीव तिचा, घोर माझ्या गळ्यात.

आम्ही सिलिंडर घासून मोठे केले, मजबूत पिस्टन बसवले, इंजिनात जास्त हवा कोंबणारा मोठा टर्बो आणला. सिलिंडरांवर झाकणासारखं बसणारं हेड तेवढं जुनंच ठेवलं. मला ते ठणठणीत वाटलं होतं. ते इंजिनाच्या ब्लॉकवर ठेवून मी बोल्ट नुसते बोटांनी फिरवले. तेवढ्यात आभाळ दाटून आलं, वीज गेली. शटर अर्धं ओढून आम्ही दोघं बाहेर पायरीवर बसलो.

आणि आतून आवाज आला. टक्.

ठरलेल्या जोरापर्यंत बोल्ट आवळला गेला की टॉर्क पाना असा वाजतो. तो आवाज मी झोपेतही ओळखीन.

"काका... आत कोण आहे?"

"कोणी नाही..."

टक्. मग एक श्वास घेण्याइतकी शांतता. पुन्हा टक्. मधल्या बोल्टपासून कडेच्या बोल्टकडे जावं, तसा तो आवाज अंधारात इकडून तिकडे सरकत होता. घाई नाही, चूक नाही. शटरखालून गार हवा आली आणि तिच्यात गुडघ्याला चोळायच्या बामचा वास. पोरीनं माझं मनगट घट्ट धरलं.

"बाबा... हाच लावायचे."

आवाज थांबला. मी शटर वर केलं. पाना भिंतीवर खिळ्याला तसाच टांगलेला. इंजिनाचे सगळे बोल्ट मात्र पक्के आवळलेले. फक्त कडेचा एक बोल्ट दोन बोटांनी फिरत होता.

"विसरले असतील," ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली.

"उस्ताद? अगं, ते जेवायचं विसरतील. बोल्ट नाही."

मी हेड पुन्हा उतरवलं. त्या बोल्टच्या भोकाशी रॉकेल लावून पुसलं, तर एक बारीक काळी रेघ उरली. केसासारखी चीर! जुन्या इंजिनात ती आणखी वर्षभर खपली असती. नव्या ताकदीला ते हेड चढाच्या मध्यावर, ऐन वळणात फाटलं असतं.

दुसरं हेड शोधून बसवलं. शर्यतीच्या दिवशी मी आणि वहिनी, म्हणजे पोरीची आई, डोंगरमाथ्यावर उभे होतो. खालून टर्बोची शीळ ऐकू आली, आणि वर्षभर घराबाहेर न पडलेल्या वहिनी टाचा उंचावून टाळ्या वाजवू लागल्या. पोर तिसरी आली. गाडी थांबवून, किल्ली काढून, उतरून दार लावून ती थेट आईच्या गळ्यात पडली.

दोघी हसत होत्या, रडत होत्या. मला मात्र काहीतरी खटकलं. किल्ली पोरीच्या मुठीत होती आणि इंजिन चालूच होतं. अगदी संथ, एका लयीत.

मी गाडीकडे धावलो, तर वहिनींनी बाही धरली.

"राहू द्या भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या. "एवढा चढ चढून आल्यावर लगेच बंद केली, तर टर्बो भाजतो म्हणायचे. निवला की करतील बंद..."

आम्ही तिघं गाडीकडे बघत उभे राहिलो. थोड्या वेळानं इंजिन आपसूक थांबलं. मग ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, आणि कोणीतरी बाहेर पडून ते बेतानं लावून घेतलं.