वीस हजार अंगठे

"काचोनंच चोरले! काढा त्याला बाहेर!"

जमाव दाराशी येऊन ठेपला होता. लडाखला राज्य मिळावं म्हणून लेह-कारगिलच्या वीस हजार माणसांनी अर्जावर अंगठे उठवले होते. ते गाठोडं आज दुपारी दिल्लीला निघायचं होतं. पहाटे बर्फ पडायचं थांबलं आणि संघटनेच्या कचेरीतून गाठोडं नाहीसं झालं. चोर सापडला नाही, तर बौद्ध लेह आणि मुस्लिम कारगिल पुन्हा एका ताटात जेवणार नव्हते.

गुप्तहेर स्पालझेस कचेरीच्या मागच्या खिडकीखाली वाकली. पावलांचा एकच माग. बूट मात्र संघटनेनं तिन्ही संशयितांना सारखेच दिलेले.

सडक वीस पावलांवर होती. माग गेला होता लांबून, मंत्र कोरलेल्या दगडांच्या मणी-भिंतीच्या पलीकडच्या अंगानं, गुडघाभर बर्फात धडपडत. तिचा मदतनीस, निवृत्त पोस्टमन मोरुप, भिंत उजव्या हाताला ठेवून मागाच्या कडेनं धापा टाकत गेला.

"सडकेवर माग पुसला गेलाय, आचे. संपलं," थोरल्या बहिणीला सांगावं तसं तो परतून म्हणाला.

पहाटे कचेरीत तिघंच होते.

ड्रायव्हर रामसरण खालच्या मैदानी मुलखातला. "मी नेहमी जवळूनच जातो, ताई. भिंत डावीकडे पडते म्हणून ग्यालसनसाहेबांच्या शिव्या खातो!"

कारगिलचे काचो मुर्तझा थकून हसले. "त्याच्यासोबत मीही खातो. पहाटे नमाज पढत होतो. साक्षीला अल्लाच."

"गोड बोलतोय!" पुढारी ग्यालसन कडाडला. "आचे, याला लोकांच्या हवाली करा."

स्पालझेसनं दार आतून लावलं.

"चोर घाईत होता, तरी लांबून गेला. का?"

मोरुप गोंधळला. "त्यात काय? सगळे तसेच जातात."

"सगळे नाही. तू आणि मी, आपण बौद्ध. मणी-भिंत उजव्या हाताला ठेवायची, हे आपल्याला आईनं चालायला शिकवतानाच शिकवलं. काचो आणि रामसरण जवळूनच गेले असते. चोरी करतानाही ज्याच्या पायांना ते पाप जमलं नाही, असा या तिघांत एकच आहे. ग्यालसन, गाठोडं कुठं आहे?"

बुखारीच्या शेगडीत शेणी तडतडल्या. ग्यालसन खाली बसला.

"घरी, सातूच्या कोठीत. मागणी विझव, मंत्री करतो, असा दिल्लीचा निरोप होता. जाळायला बसलो होतो... एका अंगठ्यावर पिठाचा डाग होता, कुणीतरी कणीक मळता मळता उठून दिलेला. हात उचलवेना."

बाहेर पहिला दगड काचेवर आदळला.

काचोंनी त्याला दंडाला धरून उठवलं. "चल. आता माझ्यासमोर नको, त्यांच्यासमोर बोल."

दार उघडलं. घोषणा थांबल्या. आयुष्यभर भाषणं ठोकलेल्या ग्यालसनला पहिलं वाक्य सापडेना.

काचो त्याच्या शेजारी उभे राहिले, आणि तो बोलेपर्यंत थांबले.