घर रिकामं नाही

सागवानी पलंग तिरपा करून हमाल दारातून बाहेर काढत होते, आणि नेमका तेव्हाच ढोल वाजला... लग्नाचा नव्हे, कर थकवणाऱ्याच्या दारात वसुलीवाले वाजवतात तो. भैरवगढ़ची अख्खी गल्ली बाहेर आली, कापड रंगवणाऱ्यांच्या बायकासुद्धा लाल ओल्या हातांनी तशाच येऊन उभ्या राहिल्या, आणि ज्या जयूबाईंनी उभ्या जन्मात वाण्याची उधारी ठेवली नव्हती त्यांना वाटलं, भर चौकात कुणी आपला पदरच ओढला.

"पहले बंद करो ये," त्या वसुलीबाबूवर कडाडल्या. "दरवाज़ा गलत है तुम्हारा. पाटी वाचता येते ना? यज्ञेश्वर मास्तरांचं घर आहे हे."

"दरवाज़ा तो सही है, माताजी," बाबू खाली मान घालून म्हणाला. "दो साल से टैक्स जमा नहीं हुआ. नोटिस चिपकाए, किसी ने फाड़ दिए. और घर खाली पड़ा है, तो टैक्स में जो आधी माफ़ी मिलती थी, वो भी गई. वो तो घर में रहनेवालों को मिलती है."

दोन वर्षं झाली होती हे घर हळूहळू माधव नगरला चाललं होतं, मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये. आधी देव गेले, मग भांडी, मग स्वतः जयूबाई... आणि आज हा शेवटचा टेम्पो. पण कराचे पैसे त्या दर वर्षी वारलेल्या नवऱ्याच्या, मास्तरांच्या पेन्शनीतून काढून मुलाच्या हातावर ठेवत, "आधी हे भर, मग माझी औषधं आण," असं बजावून.

"श्रीकांत," त्यांनी हाक मारली. "पैसे कुठं गेले?"

तो टेम्पोला दोर बांधत होता. त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. "प्रतिभाला दिले होते भरायला. तिला विचार."

सून प्रतिभा पितळी घागर कडेवर घेऊन पायरीशी उभी होती, दुसऱ्या हातात घराचं शेरभर वजनाचं कुलूप. "बोल गं," जयूबाई म्हणाल्या. "माहेरी पोचवलेस की गिळलेस? का आजही मुकी म्हैसच राहणार आहेस?"

प्रतिभानं ओठ उघडले मात्र, श्रीकांतनं झेप घेऊन तिच्या थोबाडीत दिली. घागर ठणठणत नालीपर्यंत गेली. दुसऱ्या फटक्यानं तिचा अंबाडा सुटला, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी जयूबाईंच्या जळत्या काळजाला थोडं गार वाटलं... आपल्या बेअब्रूचं माप कुणाच्या तरी पदरात पडलं म्हणून. पण तिसरा फटका बसला तेव्हा त्यांना दिसलं. पोरगा गालावर मारत नव्हता. तोंडावर मारत होता, मूठ वळून, थेट ओठांवर.

त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"चोराला माणूस गालावर मारतं, नाहीतर पाठीवर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तोंड कधी फोडतात, मला ठाऊक आहे. आतलं बाहेर येऊ द्यायचं नसतं तेव्हा. प्रतिभे, बोल आता."

प्रतिभानं पदरानं रक्त टिपलं. "ह्यांनी या घराचा बयाणा घेतलाय, आई. नोटिसा ह्यांनीच फाडल्या. म्हणाले, बोजा वाढू दे... दारात ढोल वाजला की म्हातारी लाजेनं आपणहून विक्रीच्या कागदावर सही करेल."

जयूबाई रडल्या नाहीत. ज्याला नऊ महिने पोटात वागवला, ज्याच्या तापात रात्र रात्र मीठपाण्याच्या घड्या बदलल्या, त्यानं आईची लाज बाजारात ठेवून तिचा भाव करावा... त्या वेदनेला डोळ्यांतलं पाणी पुरलं नसतं. त्या दोन पावलं मागं सरकल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. "मी कुठं जात नाही."

"उठ, तमाशा करू नकोस," म्हणत श्रीकांतनं त्यांना दंडाला धरून ओढलं. चौकटीवर घासून कोपर सोलवटलं. ढोलवाला मध्ये पडला, "भैया, अम्मा हैं," तर त्यानं लाथ घातली, ती ढोलावर बसून चामडं टरकन फाटलं. मग तो पुन्हा वळला, आईच्या केसांना हात घालायला... आणि ते शेरभर लोखंड त्याच्या मनगटाच्या हाडावर उतरलं. दुसरा घाव भुवईवर. रक्त डोळ्यात उतरून तो भिंतीला टेकला.

"आईंना हात लावायचा नाही," प्रतिभा म्हणाली. आवाज चढला नव्हता. कुलूप मात्र अजून वर होतं.

श्रीकांतनं एकदा बायकोकडे, एकदा गल्लीकडे पाहिलं. कुणी पुढं आलं नाही. "मरा दोघी इथंच," तो थुंकला. "माधव नगरचं दार बंद तुम्हाला."

"त्या दाराचा तरी कर भर," जयूबाई म्हणाल्या.

तो गेल्यावर प्रतिभानं कुलूप पायरीवर ठेवलं. "आई, मी नवऱ्याला मारलं..."

"ये इकडं." जयूबाईंनी स्वतःचा पदर ओला करून तिचे फुटलेले ओठ पुसले, आणि इतका वेळ आवरलेला बांध तेव्हा फुटला. "तुला मुकी म्हणत आले गं मी... आणि तू त्याचा मार खाऊन माझी लाज झाकत राहिलीस."

दोघी मायलेकींसारख्या रडल्या. मग जयूबाई उठल्या आणि हमालांना म्हणाल्या, "पलंग फ्रीगंजला न्या, जुन्या सामानाच्या दुकानात. येतील ते पैसे या बाबूला द्या."

त्याच पलंगावर श्रीकांत जन्मला होता. त्याच पलंगावर त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मास्तर गेले होते.

"आई, मग तुम्ही निजणार कुठं?"

"तुझ्या शेजारी. फरशी आहे ना?"

बाबूनं पेन काढलं. "माताजी, घर में क्या लिखूँ? खाली?"

"खाली कशाला? लिखो, दो औरतें रहती हैं."

ढोलवाला ढोल खांद्यावर चढवून निघाला होता. जयूबाईंनी त्याला थांबवलं. "कुठं चाललास? वाजव."

"एक तरफ का फट गया, अम्मा."

"दूसरी तरफ है ना? तीच वाजव. आम्ही घरात शिरतोय."

प्रतिभानं नालीकाठची घागर उचलून धुतली, नळावर भरली आणि कडेवर घेतली. सासूनं तिचा हात धरला. गल्लीसमोर एका बाजूचा ढोल वाजायला लागला, आणि दोघींनी उंबऱ्याच्या आत उजवं पाऊल टाकलं.