पॉकेट्सच्या आतला माणूस

आल्याचा सोडा आणि खारी बिस्किटं आणायला मी खाली गेले होते, बाकी काही नाही. वेंडेलचं पोट पहाटेपासून बिघडलं होतं, आणि आमच्याकडे पोट बिघडलं की हेच देतात. शनिवारची सकाळ, दहाचा सुमार, बाहेर लख्ख ऊन. काही वेडंवाकडं घडावं अशी ती वेळच नव्हती, बाई.

तू त्या चेहऱ्याचा साचा मागायला आलीस म्हणून हे सांगतेय. कुणाला एवढं कधी सांगितलेलं नाही. तो दिवा जरा इकडे ओढ, मला तुझं तोंड नीट दिसू दे. हं. आता ऐक.

वेंडेल प्राइस हे नाव तुला ठाऊक असायचं काही कारण नाही. पॉकेट्स विदूषक मात्र ठाऊक असणारच. पांढराफटक चेहरा, काळे ओठ, टकलावर कानांशी केसांचे दोन झुपके आणि अंगात खिसेच खिसे असलेला झगा. एका खिशातून फुगा काढील, दुसऱ्यातून झाडं छाटायची कात्री. चार सिनेमांत त्याने एकसष्ट माणसं मारली आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. हसायचा तेसुद्धा आवाज न करता.

त्या पॉकेट्सच्या आत वेंडेल असायचा. आधी बिचारा पोरांच्या वाढदिवसांना मूकनाट्याचे खेळ करत हिंडायचा. रक्त बघितलं की भोवळ यायची त्याला. खोट्या रक्ताच्या बादल्या मी ओतायच्या आणि ह्याने डोळे मिटून उभं राहायचं.

"अरे, एकसष्ट मुडदे पाडलेस ना रे मेल्या?" मी चिडवायची.

"ते त्याने पाडले, थेल्मा. मी कुठे?" असं म्हणून हसायचा.

चेहरा मी करायची. आधी साच्यातून सिलिकॉनचा काढायचा, मग तीन तास बसून चिकटवायचा आणि रंगवायचा. काढताना फाटतो, म्हणून दर वेळी नवा. सिनेमा कंपनीची एक अट होती, नाव कळलं तर कळो, पण वेंडेलचं उघडं तोंड कुठे छापून येता कामा नये. लोकांना वाटलं पाहिजे की पॉकेट्स म्हणजे पॉकेट्सच. त्यामुळे जत्रेला आलो की आम्ही मागच्या दाराने आत शिरायचो आणि वेंडेल खोलीबाहेर पडायचा तो रंगूनच. एकदा तोंड चढलं की तो बोलायचा नाही आणि मीही त्याला नावाने हाक मारायची नाही. ही शिस्त त्यानेच घालून घेतली होती.

जत्रा म्हणजे भयपटवाल्यांची. ॲलनटाउनच्या बाहेर, हायवेला लागून एक हॉटेल आहे, तिथे दर वर्षी भरायची. दुपारी एक वाजता वेंडेलने टेबलाशी बसायचं, सह्या द्यायच्या, फोटो काढून घ्यायचे. लोक हौसेने गळा पुढे करतात, म्हणतात चीर की जरा. आया तान्ही पोरं आणून त्याच्या मांडीवर ठेवतात.

ह्या वेळी जत्रा आली ती नेमकी वेंडेलच्या शनिवारी. त्याचा घटस्फोट झालेला. हॅटी, त्याची सात वर्षांची मुलगी, आईकडे राहायची आणि एकाआड एक शनिवार ह्याला मिळायची. त्या एका दिवसावर तो पंधरा दिवस ढकलायचा, खोटं नाही सांगत. आईने बजावलं होतं, "त्या सोंगात पोरीने तुला एकदा जरी बघितलं, तर शनिवार विसर." म्हणून ठरलं असं, की मी वेंडेलला रंगवायचं, मग हॅटीला घेऊन खोलीत कार्टून बघत बसायचं. पाचला तोंड उतरवलं की बापलेक पॅनकेक खायला जाणार.

आणि पहाटेपासून ह्याच्या उलट्या सुरू. खोलीत बनियनवर पडला होता, डोळे खोल गेलेले. टेबलावर माझा डबा, डब्यात त्या दिवसाचा चेहरा कोराच.

"रद्द कर रे," मी म्हटलं.

"लोक ओहायोहून गाडी हाकत आलेत गं. तासभर पडतो, मग होईन ठीक."

हॅटी कंटाळली होती. म्हणाली, थेल्मामावशी, मी येते तुझ्याबरोबर. मी नेलं तिला. हो, मीच नेलं. भिंतींवर सगळीकडे पॉकेट्सची पोस्टरं, म्हणून स्वयंपाकघराच्या बाजूच्या जिन्याने उतरले, मोठी शहाणी ना मी! खालच्या बोळात सोड्याचं मशीन होतं. मी नाणी टाकली, डबा मध्येच अडकला. मशीनला दोन दणके घातले, एक लाथ घातली, डबा पडला. वाकून उचलला आणि मागे वळले, तर हॅटी नाही.

बोळ रिकामा. तळणाचा वास, वर गुरगुरणारा पंखा, आणि लांबून, मोठ्या हॉलकडून, टाळ्या.

तशीच धावले. हॉलमध्ये ही गर्दी! आणि समोर आमच्या टेबलाशी, वेंडेलच्या खुर्चीत, पॉकेट्स बसला होता. शेजारच्या खुर्चीत हॅटी. पाय हलवत बसली होती आरामात.

आधी वाटलं, कुणीतरी हौशी असणार. त्या दिवशी हॉलमध्ये दहाबारा पॉकेट्स हिंडत होते, घरच्या घरी रंगलेले. कान उपटायच्या तयारीनेच मी टेबलाजवळ गेले... आणि थांबले. माझ्या साच्यात डाव्या नाकपुडीजवळ एक बुडबुडा राहून गेलाय. दर चेहऱ्याला तिथे खळगा येतो आणि तो मी करंगळीने भरते. समोरच्या चेहऱ्यावर तो भरलेला होता. माझ्या करंगळीचा ठसा होता तिथे. माझं काम मला कळणार नाही? साचा माझ्या घरी कुलपात आणि आजचा चेहरा वर डब्यात. मग हा कोणाचा?

त्याने माझ्याकडे बघितलं. ओळखीचं माणूस बघतं तसं.

"हॅटी, चल," मी कसंबसं म्हटलं.

"मावशी, अगं हा डॅडी आहे."

"नाही गं बाळा. डॅडी वर झोपलाय."

"हाच आहे."

दाराशी डुवेन उभा होता, दर वर्षीचा रखवालदार. मी त्याचा हात धरला. म्हटलं, "डुवेन, हा वेंडेल नाही! पोरीला सोडव!"

डुवेन खो खो हसला. "वा थेल्मा! ह्या वर्षी पण?"

तेव्हा आठवलं. गेल्या वर्षी गर्दीला घाबरवायचं म्हणून आम्हीच हा खेळ केला होता. मी किंचाळत हॉलमध्ये शिरायचं, "हा वेंडेल नाही, वेंडेल वर बेशुद्ध पडलाय," म्हणून बोंब मारायची. लोक इतके खूश झाले होते की वर्षभर तेच बोलत होते. आता माझा आवाज ऐकताच शंभर फोन वर झाले. कुणी शीळ घातली. एक बाई शेजारणीला म्हणाली, "गेल्या वर्षीपेक्षा छान रडतेय गं."

मी खोलीत फोन लावला. "वेंडेल, खाली ये. हॅटी..." एवढंच म्हणू शकले.

तो अनवाणी आला. अंगात बनियन, हनुवटीवर वांतीचा ओघळ, जिन्याच्या कठड्याला धरून धरून. त्याने टेबलाकडे बघितलं आणि जागच्या जागी थिजला. चार सिनेमे तो ज्याच्या आत राहिला, तो समोर बसलेला. मग ओरडला, "हॅटी! ए, सोड तिला! मी वेंडेल प्राइस आहे!"

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! एकजण म्हणाला, "काका, आम्ही पण सगळे वेंडेल. रांगेत या." डुवेनने त्याला आडवा हात घातला. सहा वर्षं दोघं एकाच दाराशी भेटत होते, पण डुवेनने वेंडेलचं उघडं तोंड कधी पाहिलंच नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. सगळ्या हॉलच्या ओळखीचा होता तो खुर्चीतला.

"डुवेन, अरे मी आहे... माझी मुलगी आहे ती..."

बापाचं ते रडणं खरं आहे, हे कुणाला तरी कळायला नको? डुवेनला थोडं कळलं असावं. त्याने हॅटीसमोर गुडघा टेकला. "बाळ, खरं सांग हं. तुझा डॅडी कोणता?"

पॉकेट्स खाली वाकला. हॅटीच्या कानाशी तोंड नेलं. काळे ओठ हलले. तो बोलत होता. बराच वेळ बोलत होता, गोष्ट सांगावी तसा. हॅटीने सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि बोट दाखवलं. त्याच्याकडे.

डुवेन उठला. "बघा मिस्टर, पोरगी काय म्हणते," असं म्हणून त्याने वेंडेलच्या बगलेत हात घालून त्याला मागे ओढला. पॉकेट्सने हॅटीचा हात धरला आणि मागच्या पडद्याकडे चालू लागला. लोक वाट करून देत होते, टाळ्या वाजवत. वेंडेल पोटातून ओरडत होता. मी माणसं ढकलत सुटले, पण तुला सांगते, आनंदात असलेल्या गर्दीतून वाट निघत नाही.

पडद्यामागे सामान चढवायचा बोळ. टोकाला मोठं दार सताड उघडं, बाहेर ऊन, गाड्या लावायचं मैदान. एक गाडी हलत नव्हती की एक माणूस दिसत नव्हतं. हॅटी एकटी दारात उभी होती. मी तिला उचलली, चाचपली. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. देवा, वाटलं सुटलो.

वेंडेल हात सोडवून धावत आला. गुडघ्यांवर बसला, तिला छातीशी धरली, ढसढसा रडला. ती लाकडासारखी ताठ.

"डॅडी कुठे गेला?" तिने विचारलं. मला विचारलं, त्याला नाही.

"अगं, मीच डॅडी. हॅटी... मी आहे ना गं..."

तिने त्याच्याकडे बघितलं. दुकानदाराकडे बघतात ना, तसं. "डॅडी म्हणाला होता तू येशील. रडशील पण, म्हणाला." मग जरा थांबून, अगदी हळू, "खोटं तोंड कसं ओळखायचं, ते त्याने सांगितलंय मला."

तिने हात पुढे केला आणि त्याच्या उजव्या कानामागे नख घातलं.

सिलिकॉन कितीही पातळ केलं तरी कुठेतरी संपतं. तिथे कड येते. चांगला कारागीर ती केसांत लपवतो, कानामागे नेतो. डोळ्यांना दिसत नाही, पण नखाला लागते. चाळीस वर्षं मी कडा बसवल्यात, मला काय शिकवायचं?

वेंडेलच्या कानामागे कड होती. केसाएवढी सुटलेली. त्या दिवशी मी त्याच्या तोंडाला हात लावला नव्हता. आणि वर्षानुवर्षं मीच त्याला रंगवत आले, उतरवत आले, त्या कानामागून हजारदा बोट फिरवलंय. ती तिथे कधीच नव्हती.

"थेल्मा..." तो कुजबुजला. "काय लागलं गं तिच्या हाताला?"

"काही नाही रे," मी म्हटलं. आणि अंगठ्याने ती कड दाबून बसवली. हाताला सवय असते गं. दुसरं काय करणार होते मी? ओढून बघू?

हॅटी आईजवळ एक अक्षर बोलली नाही. शनिवार चालू राहिले. वेंडेलने काम सोडलं, कंपनीला पत्र लिहून कळवलं. तरी पुढच्या वर्षी पाचवा सिनेमा आला. मी फोन करून विचारलं, आत कोण होतं? कंपनीवाले म्हणाले, हे काय विचारणं झालं, वेंडेलच की. रोज वेळेवर यायचा, घरूनच तयार होऊन.

म्हणून म्हणते, साचा मागू नकोस. चेहरा करायला तो अजून लागतो की नाही, हेही मला ठाऊक नाही.

वेंडेल मात्र येतो. एकाआड एक शनिवारी, हॅटीला आईकडून उचललं की आधी माझ्याकडे. ती गाडीत बसते, हा इथे, तू बसलीयेस त्याच खुर्चीत. बोलत नाही. नुसता कान पुढे करतो. कड आता कानामागून मानेपर्यंत आलीये, मी गोंदाचं बोट फिरवते, पावडर लावते, म्हणते, "काही नाही रे, कोरडी कातडी आहे." तो माझ्याकडे बघतो. त्याला कळतं, मला कळतं. मग तो उठतो, तोंड नीट हसरं करतो आणि पोरीकडे जातो.

मी दारापर्यंत जाते. गाडीची काच खाली होते. गेल्या शनिवारीही झाली. हॅटीने आधी बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि रागावून नाही, अगदी समजुतीने विचारलं, "आज पण ते तोंड नाही काढलंस ना, मावशी?"