ट्यूबच्या आत बघायचं राहिलं

"ही नकली आहे," मी म्हणाले, आणि समोरच्या माणसाचा चेहरा असा पडला, जणू मी त्यालाच नकली म्हटलं होतं.

खरं तर तो आमच्या दुरुस्तीच्या दुकानात यायला निघालाच नव्हता. पावसाची सर आली म्हणून शेजारच्या चष्म्याच्या दुकानाच्या आडोशाला उभा राहिला, काचेतून आमच्याकडचे उघडे ॲम्प्लिफायर दिसले आणि त्याला खिशातली ट्यूब आठवली. भावाच्या गिटारच्या ॲम्प्लिफायरसाठी सकाळीच जुन्या बाजारातून उचललेली. जुन्या रेडिओत असायची ना काचेची ट्यूब, तशीच. काही बंद पडलेल्या कारखान्यांच्या ट्यूबांसाठी वादक जीव टाकतात, आणि म्हणून नव्या मालावर जुनी नावं छापणारेही खूप. बाबा दुरुस्ती करतात, ट्यूब पारखायचं काम माझं. खरी निघाली की मी तिला एक चिठ्ठी बांधते— 'तपासली, खरी', खाली माझी सही. दहा वर्षांत त्या सहीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि याचा मला भयंकर माज होता.

"नकली कशी? नाव तर किती स्पष्ट आहे..."

"तेच तर! इतक्या वर्षांचं नाव असं कोरं करकरीत राहतं? अंगठा फिरवा. खऱ्या ट्यूबवरचं नाव नुसत्या बोटानं पुसलं जातं. हे बघा, ढिम्म हलत नाही."

त्याने अंगठा फिरवला. मग ट्यूबकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाला, "अजून काय काय बघता तुम्ही?"

असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी अर्धा तास बोलत सुटले. पाऊस केव्हा थांबला, दोघांनाही कळलं नाही.

पुढच्या शनिवारी तो दुसरी ट्यूब घेऊन हजर. हिचं नाव पुसलं जात होतं. "पण कारखान्याचा आकडा कुठाय?" मी म्हटलं. "काचेवर बारीक कोरलेला असतो. झिजला तरी श्वास सोडला की उमटतो." मी काचेवर श्वास सोडला. तोही वाकला... इतका, की त्याचे केस माझ्या कपाळाला लागले.

"काही दिसतंय?"

"काचेवर? नाही."

"मग चष्मा घ्या. दुकान शेजारीच आहे."

तो हसला. मीही हसले, आणि मग उगाचच स्क्रू-ड्रायव्हर शोधू लागले. तो माझ्या हातातच होता.

असे पाच शनिवार झाले. पाचही ट्यूबा नकली. बाबा म्हणाले, "अख्ख्या बाजारातून याला नेमकी नकलीच कशी सापडते गं?" मी म्हटलं, "भोळा आहे बिचारा." बाबांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मी गरज नसताना हिशेबाची वही उघडून बसले.

सहाव्या शनिवारी त्याने आणलेल्या ट्यूबवरचं नाव अंगठ्याने पुसट झालं. श्वास सोडला, आणि... आकडा उमटला! बारीक, तिरका, अगदी हवा तसा. मी आनंदाने वर बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"खरी आहे! अहो, खरी!"

"तुम्ही... नीट बघितलंत?"

"माझ्यावर शंका?"

"राहू दे तुमच्याकडेच," एवढं पुटपुटून तो निघून गेला. मला वाटलं, भेट दिली. त्या आनंदात मला झोप लागली नाही.

सोमवारी गिटारवाल्या मावशी आल्या. संध्याकाळी सहाला त्यांचा कार्यक्रम आणि ॲम्प्लिफायरची नेमकी तीच ट्यूब गेलेली. मिळालेली भेट देऊन टाकायला मन होईना, पण मावशींना नाही कसं म्हणणार? चिठ्ठी बांधली, सही केली, दिली.

त्या गेल्या आणि तासाभरात तो आला. धापा टाकत.

"ती ट्यूब कुठाय? ती खरी नाही. मी बनवलीय."

मला आधी ते शब्द कळलेच नाहीत.

"मी बाटल्यांच्या कारखान्यात आहे. काचेवर छपाई करतो, अक्षरं कोरतो. पहिली ट्यूब मला खरंच गंडवून विकली होती. बाकीच्या पाच मीच नव्या ट्यूबांवर जुनं नाव छापून केल्या. तुम्ही जी चूक काढाल, ती पुढच्या वेळी सुधारायची..."

"का?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"खरी आणली असती तर तुम्ही 'ठीक आहे' म्हणून परत दिली असती. नकली असली की तुम्ही अर्धा तास बोलता."

माझीच विद्या, माझ्याच तोंडून ऐकून, माझ्यावरच वापरली! राग तर आलाच. आणि त्याहून मोठा धक्का असा, की ती नकली मी ओळखली नव्हती. मी!

"ती मी चिठ्ठी बांधून मावशींना दिलीसुद्धा. गप्प बसला असतात तर कुणाला कळलं नसतं," मी म्हणाले.

"तुमची सही आहे ना त्यावर," तो म्हणाला. "तुम्ही आता मला दारात उभं करणार नाही, ते माहीत होतं. तरी आलो."

मी कपाटातून खात्रीची ट्यूब काढली आणि अवजारांची पिशवी त्याच्या हातात दिली. "चला. तुम्हीही."

सभागृहात मावशी तारा जुळवत होत्या. मी सगळं सांगितलं. ट्यूब याने बनवली, चिठ्ठी माझी, चूक माझी. सांगताना कानशिलं तापली होती. दहा वर्षांचं नाव स्वतःच्या तोंडाने पुसत होते.

मावशींचा आ वासलेलाच. "तू आणि चूक? अगं, तू तर काचेच्या आतला धातूचा पत्रा जुन्या घडणीचा आहे का, ते बघितल्याशिवाय सोडत नाहीस. तो नाही बघितलास?"

"नाही..."

"का?"

सांगता आलं असतं काहीही. घाई होती, उजेड कमी होता. पण एक खोटी चिठ्ठी पुरे झाली होती.

"आकडा उमटला आणि मी वर बघितलं, मावशी. हा समोर उभा होता. मग... आत बघायचं राहिलंच. याच्याकडेच बघत बसले."

शेजारी काहीतरी खणकन पडलं. त्याच्या हातातली अवजारांची पिशवी. तो तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होता. पाच ट्यूबा बनवण्याइतकी अक्कल असलेल्या माणसाला एवढं साधं कळलं नव्हतं!

"कधीपासून?" त्याने कसंबसं विचारलं.

"मी अजून चिडलेली आहे," मी म्हणाले. "पण दुसऱ्या शनिवारपासून."

मावशींनी गिटार बाजूला ठेवली आणि घड्याळाकडे बघितलं. "छान. आता एकमेकांकडे न बघता ट्यूब बदला. मला सहाला वाजवायचंय."

आम्ही दोघं ॲम्प्लिफायरच्या मागे गुडघ्यांवर बसलो. मी ट्यूब काढली, दिवा त्याने धरला. उजेड ट्यूबवर कमी आणि माझ्या चेहऱ्यावरच जास्त पडत होता.