हयातीतलं रडणं

आईचा पहिला महिना घालायचा म्हणून तृप्तीने भोकरदनच्या स्टँडसमोर पाव किलो तूप, वेलदोडे आणि पत्रावळींचा एक गठ्ठा घेतला आणि ती धावड्याच्या गाडीत बसली. खिडकीबाहेर मका उभी होती. कुठे कुठे कापूस फुटायला लागला होता. शेजारच्या बाईने, "माहेरी चाललीस का माय?" असं विचारलं, तर तिने नुसती मान हलवली.

संभाजीनगरच्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल होती. प्रत्येक गोष्टीची नोंद असते आणि नोंद सापडली की गोष्ट सापडते, असा तिचा वीस वर्षांचा अनुभव होता. पण आई जाऊन महिना झाला तरी तिला रडू आलं नव्हतं, आणि याची नोंद कुठल्या खान्यात करायची ते तिला कळत नव्हतं. छातीत दाटून यायचं, घशाशी यायचं आणि तिथंच बसायचं. शिंक येता येता अडावी तसं. महिनाभर.

आणि तिचंच नव्हे. आईला कुणीच रडलं नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा ह्याच बायांनी गल्ली डोक्यावर घेतली होती. पदर तोंडावर ओढून, एकमेकींच्या गळ्यात पडून, हेल काढून. वडिलांचं बोलणं, चालणं, त्यांनी कुणाला कधी दिलेलं बियाणं, सगळं त्या रडण्यात आलं होतं. आईच्या वेळी तृप्ती पोचली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. ओसरीवर आई निजवलेली, भिंतीला टेकून बाया ओळीने बसलेल्या, आणि सगळं चिडीचूप. तृप्ती उंबऱ्यात उभी राहिली. तिच्या गळ्यात पडायला एकही बाई उठली नाही. कुणीतरी सरकून तिला बसायला जागा करून दिली, एवढंच.

महिन्याचं जेवण होतं. पुरुष उठून गेले, बायांची पंगत बसली. तृप्तीने शेजारच्या नंदाबाईच्या पानात आणखी एक चमचा तूप वाढलं आणि महिनाभर मनात घोळवलेलं वाक्य बोलून टाकलं.

"नंदाकाकू, आईला कुणी रडलं नाही."

नंदाबाईने बोट चाटलं. "रडलो की. माघात."

"ते नाटक होतं."

"नाटक आसंल त्या पार्थचं. आमी बराबर रडलो."

पार्थ हा जालन्याचा कलाकार. माघात तो आवाज टिपायची यंत्रं घेऊन गावात आला होता. 'हयात' असं त्याच्या प्रकल्पाचं नाव. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी जिवंतपणीच पांढऱ्या कापडाखाली निजायचं, बायांनी त्यांना रडायचं आणि पार्थने ते रडणं साठवून घ्यायचं. पेपरात उलटसुलट छापून आलं. ग्रामपंचायतीत दोन तास भांडणं झाली. म्हातारे मात्र हौसेने निजले. आपल्यामागं लोक काय म्हणतात ते ऐकायला कुणाला नको असतं? अकरा जण निजले. त्यात पुष्पाबाई, तृप्तीची आई, सातवी. त्या संध्याकाळी तिने फोन केला होता. "लई झ्याक रडल्या गं बाया. नंदी तर माझ्या पिठल्याला बी रडली. जित्तेपणी कधी नाव घेतलं न्हाई त्याचं." तृप्ती चिडली होती. असलं अभद्र काही करत जाऊ नकोस म्हणाली आणि तिने फोन ठेवला होता.

"एका माणसाला दोनदा रडत न्हाईत," नंदाबाई समजावणीच्या सुरात म्हणाली. "रडलं की वाट मोकळी झाली त्याची. रडलेलं माघारी घेता येत न्हाई."

"पण ती तेव्हा मेली नव्हती."

"मंग? रडू तर तिचंच व्हतं ना?"

तृप्तीने आतापर्यंत वाचलेलं काहीही इथे उपयोगी पडणारं नव्हतं.

"आन आमाला काय इचारती?" कोपऱ्यातून गल्लीतली शालू बोलली. "पयला हेल तर तूच काढल्ता."

"मी नव्हते. त्या दिवशी कॉलेजात तपासणी होती. दिवसभर मी तिथं होते."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणी हसलं नाही.

"उशाशी बसल्ती तू," शालू जरा दबकत म्हणाली. "निळ्या साडीत. मीच तुला पाणी दिल्तं."

तृप्तीने दारात उभ्या असलेल्या भावाकडे पाहिलं. भागवत पायरीकडे बघत होता. "मी तवा रानात गेल्तो, ताई," एवढंच तो म्हणाला.

नंदाबाईने पत्रावळ दुमडली. वातावरण हलकं करावं म्हणून म्हणाली, "त्या पोराच्या डब्यातलं रडू मिटवून टाक. मंग नव्यानं रडू आमी. तुझ्यासाठी ठेवणीतला हेल काढते."

बाया हसल्या. तृप्ती हसली नाही. महिनाभरात तिला ऐकू आलेलं हे पहिलं करता येण्याजोगं काम होतं.

पण ते सोपं नव्हतं. पहिल्या फोनला पार्थ म्हणाला, प्रदर्शन चालू आहे. दुसऱ्या फोनला म्हणाला, आईंनी संमतिपत्रावर सही केलेली आहे. तिसऱ्या वेळी त्याने फोनच उचलला नाही. तिने पत्र लिहिलं. आठ दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं, आपल्या भावनांचा आदर आहे, परंतु ही आता एक कलाकृती आहे. आपली आई कलाकृती कधी झाली, हे तिला त्या दोन ओळींत कुठे सापडलं नाही. शुक्रवारी रजा टाकून ती जालन्याला गेली.

सरकी काढायच्या एका बंद कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये प्रदर्शन होतं. जमिनीवर अकरा रांजण, प्रत्येकाच्या तळाशी एक छोटा स्पीकर. रांजणात डोकं घालून ऐकायचं. दोन कॉलेजच्या मुली वाकून उभ्या होत्या. पत्र्यावरून उन्हाचा ताव उतरत होता आणि हवेत अजून सरकीच्या तेलाचा वास होता.

पार्थ पस्तिशीचा, अदबशीर. डोळ्यांखाली काळं झालेलं. "आधी एकदा ऐका," तो म्हणाला. "मग बोलू."

सातव्या रांजणावर ती वाकली. आत ओल्या मातीचा गारवा होता. वास्तविक रांजण कोरडा होता.

आधी बांगड्या वाजल्या. कुणीतरी खाकरलं. मग एक हेल उठला, उंच, लांब. तो तृप्तीचाच आवाज होता. ती जे बोलणं शाळेतच मागं टाकून आली होती, त्या बोलण्यात तो आवाज रडत होता.

"फुलंब्रीला गाडी अडली गं माय... कंडक्टर म्हनला धा मिंट, तास गेला गं माय... मी पत्र्याखाली बसून राह्यले, तुझा जीव ऱ्हायला न्हाई गं माय..."

आई गेली त्या दिवशी फुलंब्रीजवळ बस बंद पडली होती. एका पत्र्याच्या शेडखाली ती तासभर बसली होती. आणि हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिने डोकं बाहेर काढलं. "हे कधी टिपलं?"

त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. अकरा फेब्रुवारी. आई त्यानंतर सहा महिन्यांनी गेली होती. तृप्तीने ती तारीख दोनदा वाचली.

"हा आवाज कुणाचा आहे?"

पार्थ तिच्याकडे बघत राहिला. "तुमचा. तुम्ही होतात ना उशाशी?"

तिने पुन्हा रांजणाकडे पाहिलं.

"त्या दिवशी ते अठरा मिनिटांचं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "मी स्वतः मोजून कापलंय. आता बघा."

एक्केचाळीस मिनिटं.

"पुढचं मी ऐकलेलं नाही. लोक ऐकतात. काहीजण रडत बाहेर जातात. मला वाटलं, काम साधलं."

"मिटवा ते."

"मूळ प्रत ही एकच आहे."

"म्हणूनच."

पार्थने तिच्यासमोरच फाईल पुसली. ड्राइव्ह आणून त्यावरची नक्कलही पुसली. रांजणातला आवाज अर्ध्या हेलावर तुटला. वाकलेल्या मुलींपैकी एकीने दचकून डोकं वर काढलं, पण ती दुसऱ्याच रांजणाशी होती.

"बरं झालं," पार्थ स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाला.

जालन्याच्या स्टँडवर साडेतीनला ती बाकावर टेकली. भोकरदनची गाडी चारला होती. आई गेल्यापासून पहिल्यांदा तिला घसा मोकळा वाटत होता. आता येईल, तिला वाटलं. बाया रविवारी बसतील, मी नंदाकाकूच्या गळ्यात पडेन आणि येईल.

फोन वाजला. नंदाबाईच होती.

"काकू, मिटवलं मी ते. येत्या रविवारी..."

"ते ऱ्हाऊ दे." नंदाबाईचा आवाज दबलेला होता. "कुठं हाईस तू?"

"जालन्याला."

"जल्दी ये. घडीभर झाली, येऊन ओसरीवर बसली. बोलत न्हाई. पाणी घेत न्हाई. नुसती वाटंकडं बघून राह्यली."

"कोण?"

नंदाबाईने फोन ठेवला नव्हता. तिचा श्वास ऐकू येत होता.

मागे कुठेतरी बादली सरकल्याचा आवाज आला. मग भागवतचा, बायकोला हाक मारणारा.

"वंदना, पाणी ऊन करून आण. गार पाण्यानं आईच्या अंगाची राख निघून न्हाई राह्यली."